'होम पेज' आणि 'मुखपृष्ठ' : एका संज्ञेचा अर्थेतिहास

१

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ उघडले असता त्याच्या शिरोभागी बहुधा एक ठरावीक शब्द आढळतो. वाचक आत कितीही दूर गेलेला असो, तो शब्द दाबला की तो पहिल्या पानावर परत येतो. इंग्रजीत हा शब्द 'होम' असा आहे. मराठीत त्या जागी 'मुखपृष्ठ', 'मुख्यपृष्ठ', 'मुख्य पान' असे निरनिराळे शब्द योजले जातात आणि कित्येक ठिकाणी 'होम' हाच शब्द देवनागरीत उतरविलेला असतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने यांपैकी 'मुखपृष्ठ' हा शब्द पत्करला. हिंदी विकिपीडियातही तोच रूढ आहे.

वरवर पाहता हा केवळ पर्यायी शब्दांचा प्रश्न वाटतो. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येते की, 'होम' आणि 'मुखपृष्ठ' हे एकमेकांचे अनुवाद नव्हेत. पहिला शब्द घराच्या कल्पनेवर उभा आहे, दुसरा ग्रंथाच्या. घर हे कोणाचे तरी असते. तेथे परतावयाचे असते. मुखपृष्ठ हे ग्रंथाचे असते; त्यातून आत शिरावयाचे असते. एकाच स्थळाला दोन भाषांनी दोन भिन्न दृष्टींनी नावे दिली, आणि त्या प्रत्येक नावामागे त्या स्थळाविषयीचा एक दावा आहे. हे दावे कोणते, ते कसे निर्माण झाले आणि आज ते कितपत खरे उरले आहेत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आहे. कारण प्रबंधांच्या संदर्भांत संकेतस्थळांचे निर्देश आता सर्रास येऊ लागले आहेत आणि त्या निर्देशांचे मोल अखेर या पहिल्या पानाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

२

'मुखपृष्ठ' हा सामासिक शब्द मुळातच मौजेचा आहे. संस्कृतात 'पृष्ठ' म्हणजे पाठ, आणि 'मुख' म्हणजे तोंड. पानाची बाजू या अर्थी 'पृष्ठ' रूढ झाल्यावर त्यातील पाठीचा अर्थ मागे पडला, म्हणूनच 'मुख' आणि 'पृष्ठ' हे दोन विरोधी शब्द एकत्र नांदू शकले. ग्रंथाच्या शेवटच्या आवरणास 'मलपृष्ठ' म्हणतात, त्यावरून ही शरीराची उपमा किती पूर्णपणे योजली गेली होती ते ध्यानात येते. मात्र येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. छापील ग्रंथाच्या संदर्भात 'मुखपृष्ठ' हा शब्द आज प्रामुख्याने बाहेरच्या सचित्र आवरणासाठी वापरला जातो. ज्यावर ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशक, स्थळ आणि वर्ष दिलेले असते त्या आतील पानास 'शीर्षकपृष्ठ' म्हणतात. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

महाराष्ट्रातील हस्तलिखित परंपरेस या दोहोंपैकी कोणतेही पान ठाऊक नव्हते. पोथी ही न शिवलेल्या, सुट्या, आडव्या पानांची असते. उत्तर व पश्चिम भारतातील कागदी पोथ्यांत मजकुराचा आरंभ सामान्यतः पहिल्या पानाच्या मागील बाजूवर होतो आणि पत्रांकही मागील बाजूसच घातलेला असतो. पहिल्या पानाची पुढील बाजू कोरी राहते. पोथी दप्तरात बांधताना झीज, डाग, धूळ यांचा पहिला मारा या कोऱ्या बाजूवर होतो आणि मजकूर सुरक्षित राहतो. कित्येकदा पुढील काळातील एखाद्या मालकाने किंवा संग्राहकाने त्या कोऱ्या जागेवर ग्रंथाचे नाव लिहून ठेवलेले आढळते; परंतु ते नाव ग्रंथाचा भाग नसून संग्रहाच्या सोयीची खूण असते.

मग ग्रंथाची ओळख कोठे सापडते? ती शेवटी सापडते. ग्रंथनाम, अध्यायनाम, कर्ता, लेखनाचा शक, स्थळ, नक्कलकाराचे नाव, ही सर्व माहिती समाप्तिलेखात, म्हणजे पुष्पिकेत दिलेली असते. जसे पाहिले तसे लिहिले, तरी दोष माझ्या माथी मारू नये, पोथीस तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावे, अशा आशयाची विनवणीही नक्कलकार तेथेच करतो. ज्ञानेश्वरीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा रचनेचा काल, टीकाकार ज्ञानदेव आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांची नोंद अखेरच्या ओवीत येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, केलेल्या पाठशुद्धीची नोंदही ग्रंथाच्या शेवटीच जोडली गेली.

राजपत्रांतही शेवटाला असेच महत्त्व होते. शिवकालीन पत्राच्या शिरोभागी मुद्रा असे, तर मजकूर जेथे संपला तेथे लहान समाप्तिमुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटविले जाई. त्यापुढे कोणास काही घुसडता येऊ नये, हा तिचा हेतू होता. प्रामाण्याची ग्वाही आरंभीच्या भपक्याने मिळत नसून मर्यादा आखून मिळते, अशी धारणा या पद्धतीत दिसते.

३

युरोपातील स्थिती मुद्रणपूर्व काळात फारशी निराळी नव्हती. तेथील हस्तलिखिते आरंभवाक्याने सुरू होत आणि समाप्तिलेखाने संपत. योहान गुटेनबर्गच्या सुमारे १४५५ मधील बायबलास शीर्षकपृष्ठ नाही. फुस्ट आणि शोफर यांनी माइंत्स येथे छापलेल्या १४५७ च्या स्तोत्रसंग्रहात मुद्रकांची नावे व तारीख प्रथमच छापील रूपात आली, पण तीही समाप्तिलेखात. माइंत्स येथेच १४६३ मध्ये छापलेल्या पोपच्या एका आज्ञापत्रावर स्वतंत्र पानावरील शीर्षकाचा अगदी प्रारंभीचा नमुना आढळतो. व्हेनिस येथे एरहार्ड राटडोल्ट व त्याचे सहकारी यांनी १४७६ मध्ये छापलेल्या रेगिओमोंटानुसच्या पंचांगात मात्र पूर्ण विकसित, नक्षीदार शीर्षकपृष्ठ दिसते. त्यावर स्थळ, वर्ष आणि मुद्रकांची नावे आहेत. ज्या ग्रंथाने ही प्रथा इतक्या पूर्णपणे दर्शविली तो ग्रंथ पंचांगाचा असावा, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या अभ्यासकास विशेष वाटेल. तिचे कारण पुढे येईल.

शीर्षकपृष्ठाच्या उगमाचा सविस्तर अभ्यास मार्गारेट स्मिथ यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या विवेचनातून असे स्पष्ट होते की, या पानाचा जन्म सजावटीच्या हौसेतून झाला नाही. मुद्रणामुळे एका ग्रंथाच्या शेकडो प्रती एकाच वेळी तयार होऊ लागल्या आणि बांधणीपूर्वी त्या साठविणे व वाहून नेणे भाग पडले. पहिले छापील पान मळू नये म्हणून एक कोरे पान वर ठेवले जाई. गठ्ठे ओळखता यावेत म्हणून त्या कोऱ्या पानावर त्रोटक नाव छापले जाऊ लागले, आणि पुढे त्या नावाभोवती कर्ता, मुद्रक, विक्रेता, गाव, वर्ष अशी माहिती जमत गेली. पोथीची कोरी पुढील बाजू आणि युरोपीय मुद्रकाचे कोरे रक्षकपान यांतील साम्य उघड आहे. दोन्हीकडे जागा तीच होती. परंतु बाजारपेठेच्या गरजेने एकीकडे तिचे शीर्षकपृष्ठ झाले, दुसरीकडे ती कोरीच राहिली.

भारतात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यास आले. तेथील ग्रंथांचा एक विशेष येथे नोंदविण्याजोगा आहे. थॉमस स्टीफन्स याचा प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा ग्रंथ १६२२ मध्ये रायतूर येथे छापला गेला. त्यातील भाषा कोकणी, लिपी रोमन, आणि शीर्षकपृष्ठ पोर्तुगीज भाषेतील आहे. ज्या मुलांसाठी हा ग्रंथ रचला होता त्यांना उद्देशून त्याचे दर्शनी पान नव्हते. ते होते धर्मसत्तेला व राजसत्तेला उद्देशून. दर्शनी पानाचा वाचक आणि ग्रंथाचा वाचक एकच असेल असे नव्हे, हा धडा या उदाहरणावरून मिळतो.

४

पुढे हीच गोष्ट निराळ्या रूपात घडली. विल्यम कॅरी याचे मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले आणि त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये मोडी टाइप वापरून निघाला. मराठी भाषेच्या या ग्रंथांचे दर्शनी पान इंग्रजी होते, कारण त्यांचा अपेक्षित वाचक मराठी शिकू पाहणारा इंग्रज होता.

मराठी वाचकाकडे वळलेले मुद्रण मुंबईत रुजले, आणि त्यात गणपत कृष्णाजी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. व्हेनिसप्रमाणे मुंबईतही पंचांगाने मुद्रणाच्या इतिहासात आरंभीचे स्थान मिळवावे यात आश्चर्य नाही. पंचांग दरवर्षी नवे लागते, त्यामुळे गिऱ्हाईक दरवर्षी परत येते. आणि वर्ष संपताच ते निरुपयोगी होत असल्याने ते कोणत्या वर्षाचे, हे दर्शनी सांगणे अपरिहार्य ठरते.

शिळाप्रेसवरील आणि पुढे टाइपावरील धार्मिक ग्रंथांनी पोथीचा आकार एकदम सोडला नाही. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्यासारख्या संस्थांच्या काळातही सुट्या, आडव्या पानांच्या छापील पोथ्या निघत राहिल्या. या छापील पोथ्यांच्या पहिल्या पानाची पुढील बाजू, जी हस्तलिखितात कोरी असे, तिच्यावर आता ग्रंथनाम, छापखाना, गाव आणि शक येऊ लागले. जुन्या घरातील रिकाम्या ओसरीवर नवे दुकान थाटावे तसा हा प्रकार होता. समाप्तिलेख मात्र आपल्या जागी टिकून राहिला, आणि म्हणून अशा पोथीत ओळखीची दोन स्थळे एकत्र पाहावयास मिळतात.

दर्शनी पानास कायद्याचे पाठबळ मिळाले ते १८६७ च्या पंचविसाव्या अधिनियमाने. या अधिनियमान्वये प्रत्येक छापील ग्रंथावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि ग्रंथ प्रकाशित झाल्यास प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ, सुवाच्य छापणे बंधनकारक झाले. सरकारकडे जमा होणाऱ्या ग्रंथांच्या सूचीत भाषा, कर्ता, विषय, पृष्ठे, आकार, प्रतींची संख्या यांची नोंद होऊ लागली. राज्यकर्त्यांचा हेतू लेखनावर नजर ठेवण्याचा होता, हे निर्विवाद. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास आज लिहिता येतो तो बव्हंशी याच सक्तीमुळे. छापील पानामागे एक जबाबदार व्यक्ती आणि एक ठिकाण आहे, ही हमी वाचकास त्यातून मिळाली. हा अधिनियम २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि नव्या कायद्याच्या कक्षेतून पुस्तके वगळण्यात आली.

विसाव्या शतकात 'मुखपृष्ठ' या शब्दाचे केंद्र आतील पानाकडून बाहेरच्या आवरणाकडे सरकले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांसारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठ हे स्वतंत्र आकर्षण बनविले. अशा रीतीने संगणकाच्या पडद्यापर्यंत पोहोचेतो या एका शब्दात दोन अर्थ साठले होते : एक जबाबदारीची नोंद, दुसरा लक्ष वेधून घेणारा चेहरा.

५

आता इंग्रजी संज्ञेकडे वळू. 'होम' हा शब्द विश्वजालापूर्वीच संगणकाच्या परिभाषेत शिरला होता. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यास, जेथून दर्शक आपला प्रवास सुरू करतो, 'होम' म्हणत. युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःचा एक कप्पा मिळे, त्यासही तेच नाव होते. हा कप्पा दर्शविण्यास एक नागमोडी चिन्ह वापरले जाई. १९७६ च्या सुमाराच्या एडीएम-३ए या टर्मिनलच्या कळफलकावर 'होम' आणि ते चिन्ह एकाच कळीवर होते, त्यावरूनच हा संकेत रूढ झाला. १९८७ मध्ये बिल ॲटकिन्सन यांनी ॲपल कंपनीसाठी तयार केलेल्या हायपरकार्ड या प्रणालीत 'होम' नावाचा पत्रसंच होता आणि वापरकर्ता त्यात आपल्या आवडीच्या वाटा जोडून घेऊ शके. या सर्व प्रयोगांत एक सूत्र समान आहे. घर आहे ते वापरणाऱ्याचे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत मार्च १९८९ मध्ये आपली योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस विश्वजालाची पहिली साधने सिद्ध झाली. त्या वर्तुळात 'होम पेज' याचा मूळ अर्थ, वाचकाने आपले साधन उघडताच त्याच्यापुढे येणारे पान, असा होता. ते कोणते असावे हे वाचकाने ठरवावयाचे. आरंभीच्या वाचनसाधनांत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू होम' या नावाने ही निवड नोंदविता येत असे, हा त्याचा पक्का पुरावा होय. संस्थेच्या दाराशी असलेल्या पानासाठी बर्नर्स-ली यांनी निराळी संज्ञा वापरली होती : 'वेलकम पेज', म्हणजे स्वागताचे पान. सर्नच्या सेवासंगणकाच्या प्रणालीत या पानाच्या फाइलचे नाव मुळात 'वेलकम' असेच ठरविलेले होते. इलिनॉय विद्यापीठातील सुपरकंप्युटिंग केंद्राच्या प्रणालीत त्याच पानास 'इंडेक्स', म्हणजे सूची, हे नाव होते, आणि प्रसार याच नावाचा झाला.

ही विभागणी तर्कशुद्ध होती. घर वाचकाचे, स्वागत यजमानाचे. परंतु ती टिकली नाही. विद्यापीठांतील अनेक व्यक्तींनी आपापल्या कप्प्यातील पाने जगास खुली केली आणि त्या पत्त्यांत घराचे नागमोडी चिन्ह तसेच राहिले. 'अमक्याचे होम पेज' हा प्रयोग त्यातून सहज बनला. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनांचे 'पर्सनल होम पेज' हे नाव, म्हणजे पुढे पीएचपी म्हणून ओळखली गेलेली भाषा, या अर्थाची साक्ष देते. घर आता वाचकाचे न राहता लिहिणाऱ्याचे झाले. व्यक्तीकडून ते संस्थेकडे गेले, आणि 'वेलकम पेज' ही संज्ञा लवकरच मागे पडली.

६

या अर्थांतरास केवळ भाषिक सैलपणा कारण झाला असे म्हणता येणार नाही. त्यात व्यापाराचाही वाटा आहे. १९९३ मध्ये इलिनॉय येथील केंद्राने प्रसिद्ध केलेले मोझेइक हे वाचनसाधन उघडले की त्या केंद्राचेच पान प्रथम दिसे. वाचकास ते बदलण्याची मुभा होती. पण मुभा असणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर आहे. डिसेंबर १९९४ मध्ये बाजारात आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरने हीच रीत चालविली. त्यावरील 'होम' ही कळ वाचकाने काही न बदलल्यास कंपनीच्या पानाकडे नेई. लक्षावधी वाचक अशा रीतीने दररोज एकाच दारातून आत येऊ लागले आणि त्या दारावरील जागेस बाजारमूल्य आले. कंपनीने पुढे आपल्या स्थळाचे 'नेटसेंटर' या नावाने प्रवेशद्वारात रूपांतर केले; नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने ही कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा या प्रवेशद्वाराचे आकर्षण त्यामागे होतेच. वाचकाच्या घराचा उंबरठा दुसऱ्याच्या मालकीचा झाला आणि त्यावर पाटी मात्र 'घर' अशीच राहिली.

मराठीत 'होम'चे भाषांतर 'घर' असे रूढ झाले नाही, याची चर्चा येथे प्राप्त होते. शब्दाच्या अंगी ते सामर्थ्य नव्हते असे नाही. बुद्धिबळाच्या पटावरील चौकोन, कुंडलीतील स्थान, चष्म्याची डबी, या सर्वांस मराठी 'घर' म्हणते. तरीही 'घर' या शब्दास मालक लागतो, आणि परक्या संस्थेच्या पानास वाचकाने घर म्हणणे मराठी कानास खटकले असावे. 'मुखपृष्ठ' या शब्दात हा खोटेपणा नाही. आपण दुसऱ्याचा ग्रंथ उघडीत आहोत, याचे भान तो राखतो. बर्नर्स-ली यांनी केलेला घर व स्वागत हा भेद इंग्रजीने गमावला, तर मराठीने तो नकळत अंशतः वाचविला.

परंतु 'मुखपृष्ठ' या शब्दाचाही एक दावा आहे आणि तो तपासला पाहिजे. ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ एकदा छापले की बदलत नाही. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ रोज बदलू शकते आणि बदलल्याची खूण ठेवीत नाही. त्यावर संस्थेचे नाव व चिन्ह असते. परंतु मजकूर कोणी, केव्हा लिहिला, पूर्वी तेथे काय होते, हे बहुधा नसते. म्हणजे मुखपृष्ठाच्या दोन अर्थांपैकी आवरणाचा अर्थ पडद्यावर पूर्णपणे उतरला आहे. शीर्षकपृष्ठाचा अर्थ फार थोडा उतरला आहे, आणि पुष्पिकेचा तर लोपच झाला आहे. खुद्द विश्वजालाच्या पहिल्या पानाची १९९० मधील मूळ प्रत सर्नने जपली नव्हती. २०१३ मध्ये त्या संस्थेने ते पान मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, तेव्हा १९९२ च्या प्रतीवर समाधान मानावे लागले. नेवासे येथील ग्रंथाचा शक आणि लेखक सात शतकांनंतर सांगता येतो. विश्वजालाच्या पहिल्या पानाचा मूळ पाठ पाव शतकही टिकला नाही.

७

या इतिहासावरून संशोधकास दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली परिभाषेची. साधन उघडताच दिसणारे, वाचकाने निवडलेले पान आणि संस्थेचे दर्शनी पान या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्यास 'प्रारंभपान' आणि दुसऱ्यास 'मुखपृष्ठ' असे म्हटल्यास मूळचा भेद मराठीत स्वच्छ राहील. 'मुख्यपृष्ठ' हा शब्द मात्र टाळणे बरे. ते पान मुख्य असते असे नाही. शोधयंत्रांच्या आजच्या काळात वाचक थेट आतील पानावर उतरतो आणि मुखपृष्ठ कित्येकदा पाहतही नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. केवळ मुखपृष्ठाचा पत्ता देणे म्हणजे ग्रंथाच्या बाहेरचे चित्र दाखवून आतील विधान सिद्ध करणे होय. संदर्भ आतील नेमक्या पानाचा असावा, पाहिल्याची तारीख त्यासोबत असावी, आणि शक्य तेथे जतन केलेल्या प्रतीचा निर्देश असावा. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्हने २००१ पासून जुन्या पानांच्या प्रती सर्वांस खुल्या केल्या आहेत, त्यांचा यासाठी उपयोग होतो. पडद्यावरील पान स्वतःची पुष्पिका लिहीत नाही. स्थळ, काल आणि पाहणाऱ्याचे नाव यांची नोंद करण्याचे जे काम पोथीच्या शेवटी नक्कलकार करीत असे, ते आता प्रबंधलेखकाने आपल्या तळटीपेत करावयाचे आहे.